बुजरा स्वभाव, घरातली जपणूक आणि विशीतली धडधड

मासुंदाकाठ | शनिवार, रात्री ९:१०

मार्कांचं वय सरलं की चिंता सरेल असं घरात सगळ्यांनाच वाटत असतं. आपल्या ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांमध्ये ती बरेचदा त्यानंतरच उघडी पडते. कॅम्पसची मुलाखत, ऐरोली-महापेच्या ऑफिसातली पहिली मीटिंग, बँकेच्या खिडकीवर जाऊन स्वतः केवायसी करणं, घरमालकाला फोन लावणं. तोवर शाळेची व्हॅन, सोसायटीच्या गेटाबाहेरचा क्लास आणि बाबांचा फोन यांनी निभावून नेलेलं असतं.

मग दोनच वाक्यं कानावर येतात. "याचा स्वभावच असा" किंवा "तुम्हीच लाडावून ठेवलंत". दोन्हींत थोडं थोडं खरं आहे आणि दोन्हींनी काम काहीच होत नाही. म्हणून हा धागा. इथे बरेच जण या विषयात काम करणारे आहेत, त्यांनी नेमकं लिहावं: काय करायचं, कसं करायचं, कुठे बिघडतं. अनुभवकथनासाठी वेगळा धागा आहे.

सुरुवात मी स्वभावापासून करतो. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले, सौम्य अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापूस नाकाजवळ धरला. साधारण २० टक्के बाळांनी हातपाय झाडले, पाठ ताणली, रडली. साधारण ४० टक्के बाळं निवांत बघत राहिली. बाकीची अधलीमधली. ज्यांनी जोरदार प्रतिक्रिया दिली त्यांच्यातली बरीच मुलं पुढे नवी माणसं, नवी जागा दिसली की आईच्या पदराआड जाणारी निघाली. सगळी तशी राहिली नाहीत. पण अगदी बिनधास्त झालेली फारच थोडी.

२००३ मध्ये याच परंपरेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षी बुजरी म्हणून नोंदलेली मुलं विशीत आल्यावर त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा अनोळखी चेहरे बघताना त्यांचा अमिग्डाला (धोक्याची घंटा वाजवणारा भाग) इतरांपेक्षा जास्त चेतवला गेला. म्हणजे वीस वर्षांनंतरही घंटा लवकर वाजतेच. मात्र घंटा वाजली म्हणून प्रत्येक जण पळून गेला असं नाही. पळायचं की थांबायचं हे माणूस शिकतो, आणि ते शिकणं बहुतेक घरात होतं.

गणिती | शनिवार, रात्री ९:४८

चांगला विषय. आकडे चुकीचे वापरले जातात म्हणून आधीच लिहून ठेवतो.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून चिंताविकारांची आनुवंशिकता साधारण ३० ते ५० टक्के धरतात. याचा अर्थ "तुमची निम्मी चिंता आईकडून आली" असा होत नाही. लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा वाटा जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, इतकंच. एका माणसाबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही.

आता संगोपन. २००७ मध्ये ४७ अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आहे. पालकांच्या वागण्याने मुलांच्या चिंतेतला सरासरीने फक्त ४ टक्के फरक समजावता आला. हे वाचून "संगोपनाने काही होत नाही" म्हणणारे पुढचं वाचत नाहीत. त्याच विश्लेषणात पालकांच्या वागण्याचे तुकडे केले तेव्हा माया, जिव्हाळा यांचा वाटा १ टक्क्याहूनही कमी निघाला आणि मुलाला दिलेल्या मोकळिकीचा १८ टक्के. मोकळीक म्हणजे त्याचं मत विचारणं, निर्णय त्याला घेऊ देणं, अडखळला तरी हातातलं काम काढून न घेणं.

आपल्याकडे चिंताग्रस्त मूल दिसलं की पहिला प्रश्न असतो, "घरात प्रेम कमी पडलं का?" प्रेम बहुतेक घरांत भरपूर असतं. कमी पडते ती मोकळीक.

चाफा | शनिवार, रात्री १०:२०

गणिती, आकडे पटले, पण शेवटी ओझं पुन्हा आईवरच आलं. बुजऱ्या मुलाची आई जास्त मध्ये पडते हे खरं असेलही. पण ती मध्ये पडते म्हणून मूल बुजरं, की मूल बुजरं म्हणून ती मध्ये पडते?

गणिती | शनिवार, रात्री १०:३५

दोन्ही, आणि दुसरी बाजू खूप ठळक आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात आयांना दुसऱ्यांच्या मुलांबरोबर बसवलं. समोर चिंताग्रस्त मूल आलं की, एरवी निवांत असलेल्या मुलाची आईसुद्धा जास्त मदत करू लागली. समोर गोंधळलेलं मूल बघून हात पुढे होणं ही माणसाची सहज प्रतिक्रिया आहे. त्यात दोष शोधू नये.

मात्र तो हात पंधरा वर्षं पुढेच राहिला तर मुलाला एक गोष्ट कधीच कळत नाही: कोणी आलं नसतं तरी आपण निभावलं असतं.

सावली_घणसोली | रविवार, सकाळी ७:५५

वाचनखूण साठवली. चाफाताई, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे. दोषाची भाषा सुरू झाली की घरातली माणसं एक तर बचावात जातात नाहीतर अपराधी होऊन आणखी जपू लागतात.

समुपदेशनात आम्ही संगोपनाच्या मोठ्या गप्पा मारत नाही, घरातल्या "सोयी" मोजतो. मूल घाबरू नये म्हणून घरच्यांनी स्वतःच्या वागण्यात केलेला बदल म्हणजे सोय. १८ ते २५ वयोगटात नेहमी सापडणाऱ्या सोयी या: जेवणाची ऑर्डर फोनवर आईच देते. दारावरची बेल वाजली की बहीणच उठते. डॉक्टरकडे लक्षणं बाबा सांगतात, मुलगा शेजारी बसून मान हलवतो. पाहुणे येणार असतील तर "त्याचा अभ्यास आहे" असं आधीच सांगून ठेवतात. मुलाखतीच्या आदल्या रात्री अकरा वेळा "होईल ना ग नीट?" आणि अकरा वेळा "होईल रे". हा शेवटचा धीर देण्याचा प्रकार सगळ्यात गोड आणि सगळ्यात चिवट, कारण प्रत्येक उत्तर दहा मिनिटं पुरतं आणि मग नवा डोस लागतो.

या सोयी कशा काढायच्या याची पद्धत येलच्या एली लेबोविट्झ यांनी बसवली. त्यांच्या चाचणीत १२४ मुलं होती. निम्म्यांना सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे उपचार) दिली, उरलेल्यांच्या बाबतीत मुलाला न बोलावता फक्त पालकांबरोबर काम केलं, आठवड्याला एक अशी १२ सत्रं. परिणाम सीबीटीपेक्षा कमी ठरला नाही. अभ्यास लहान मुलांचा आहे, पण विशीतली मुलं आईवडिलांच्याच घरात राहतात तिथे तोच सांगाडा कामी येतो.

आधी एक आठवडा फक्त नोंद. कॅलेंडरच्या चौकोनात रोज किती वेळा कोणती सोय केली त्याच्या रेघा मारायच्या. काही बदलायचं नाही. बहुतेक पालकांना आपला आकडा बघून धक्का बसतो.

मग एकच सोय निवडायची. रोज घडणारी आणि पूर्णपणे तुमच्या हातातली. "त्याने मीटिंगमध्ये बोलावं" हे तुमच्या हातात नाही. "मी त्याच्यासाठी फोन लावणार नाही" हे आहे.

त्यानंतर आगाऊ सूचना. शांत वेळी, भांडणानंतर नाही, आणि दोनच वाक्यं: "अनोळखी माणसाशी फोनवर बोलताना तुझी किती घालमेल होते ते आम्हाला दिसतं. आणि ती सोसून तू बोलू शकशील याची आम्हाला खात्री आहे." पहिल्या वाक्यात त्रास मान्य, दुसऱ्यात भरवसा. फक्त पहिलं बोललात तर कीव होते, फक्त दुसरं बोललात तर हुकूम होतो. मग तारखेसकट बदल सांगायचा: "सोमवारपासून बाहेरचे फोन तू लावायचेस, आम्ही लावणार नाही." तोंडी जमत नसेल तर चिठ्ठी लिहून ठेवा, खरंच चालते.

बिघडतं कुठे? पहिले आठ-दहा दिवस त्रास वाढतो. चिडचिड, अबोला, "तुम्हाला माझं काही पडलेलं नाही". ही पद्धत फसल्याची खूण नव्हे, जुनी सोय परत मिळवण्याची ती धडपड असते. याच टप्प्यावर आजी हळूच फोन लावून देते आणि सगळं पाण्यात जातं. किंबहुना पाण्याहून वाईट, कारण मुलगा शिकतो की पुरेसं ताणलं की मिळतं. म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आधी बसवून सांगा, आजी-आजोबांना तर सगळ्यात आधी. ते मान्य करणार नसतील तर त्यांच्या हातातली सोय या फेरीत घेऊच नका.

आणि सोय काढणं म्हणजे पाठ फिरवणं नव्हे. रात्रीचं जेवण एकत्र, गप्पा, डोक्यावरून हात फिरवणं, हे सगळं तसंच चालू.

रबाळे_लोकल | रविवार, सकाळी ११:१२

उत्तम माहिती. घरच्यांनी काय करायचं ते कळलं. आता मुलाने स्वतः काय करायचं तेही कोणी लिहा. विशेषतः प्रवासाचं. १२वीपर्यंत व्हॅन, मग कॉलेजला मित्राची बाईक, आणि एकदम ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत ठाण्याहून वाशी. दारातच छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, पुढच्या स्टेशनला उतरून रिक्षा. हे चित्र आजूबाजूला फार दिसतं.

मासुंदाकाठ | रविवार, दुपारी १:३०

आधी मुंग्यांचं कारण. घाबरलं की श्वास जलद आणि उथळ होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मुलाला वाटतं चक्कर येऊन पडणार. अशी लाट बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत शिखर गाठते आणि उतरू लागते. ठाणे ते ऐरोली एवढ्या वेळात ती चढते, आणि तो उतरतो नेमका शिखरावर. मेंदू धडा घेतो: उतरलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी फलाटावरच धडधड सुरू.

म्हणून शिडी बांधायची. वहीत प्रत्येक पायरीपुढे ० ते १०० मध्ये भीतीचा आकडा लिहायचा. आकडे प्रत्येकाचे वेगळे, पण नमुना असा होऊ शकेल. रविवारी दुपारी ठाण्याच्या ९ किंवा १० नंबरच्या फलाटावर २० मिनिटं नुसतं बसणं, समजा २५. रविवारीच ऐरोलीपर्यंत जाऊन परत, ३५. रविवारी थेट वाशी, ४५. कामाच्या दिवशी दुपारी १२ ते ३ मध्ये घणसोलीपर्यंत, ५५. तोच प्रवास दारापासून लांब, आत उभं राहून, ६५. सकाळी साडेदहाची गाडी, ७५. नऊच्या सुमाराची गर्दी, ९०.

सुरुवात ३० ते ४० च्या पायरीने. १० च्या पायऱ्यांत वेळ घालवला तर काही शिकणं होत नाही. ९० वर उडी मारली तर बहुधा अर्ध्यातून परतणं होतं, आणि तो परतीचा प्रवास जुनी भीती पक्की करतो.

प्रत्येक फेरीआधी वहीत भाकीत लिहायचं, अगदी ठोस. "भीती वाटेल" हे भाकीत नव्हे, ते तर वाटणारच. "रबाळ्याच्या आत मी बेशुद्ध पडेन, खात्री ७० टक्के", हे भाकीत. परत आल्यावर त्याच ओळीखाली लिहायचं: पडलो का? काय झालं? खात्री आता किती? भीती कमी झाली का याकडे फार बघू नका. भाकीत खोटं ठरलं का, याकडे बघा. हल्लीचे संशोधक, मिशेल क्रास्के वगैरे, याच गोष्टीवर भर देतात: जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण तयार होते आणि ती सरावाने बळकट करावी लागते.

एक पायरी आठवड्यातून चार-पाच वेळा. महिन्यातून एकदा केली तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते. जमू लागली की वेळ, डबा, सोबत, हवामान बदलून करायची, नाहीतर मेंदू "रविवार असेल तरच सुरक्षित" असं शिकून बसतो.

पारसिक | रविवार, दुपारी २:४०

मासुंदाकाठ, शिडी छान, पण एक मोठं भोक राहिलं. चोरटे आधार.

मुलगा वाशीपर्यंत जातो, सगळे शाबासकी देतात आणि तीन महिन्यांनी भीती तिथेच. बघावं तर कानात हेडफोन, एक हात दाराच्या खांबाला, खिशात पाण्याची बाटली आणि चिमूटभर साखर, प्रत्येक स्टेशनला आईला मेसेज. वाचलो ते या सगळ्यांमुळे, असा हिशेब मनात होतो. सामाजिक भीतीत तेच: मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवणं, वाक्य मनात तीनदा घोटून मग बोलणं, नजर लॅपटॉपवर, घाम दिसू नये म्हणून एसीतही जॅकेट. १९९५ मध्ये क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी हे चक्र नीट मांडलं. माणूस समोरच्याकडे बघतच नाही, स्वतःच्या आत बघत राहतो. आवाज कापतोय का, चेहरा लाल झालाय का. मग रात्री घरी येऊन प्रसंगाचं शवविच्छेदन.

उपाय: पायरी तीच ठेवून एका फेरीत एक आधार काढायचा. आधी हेडफोन, मग मेसेज, मग बाटली. ऑफिसात लक्ष बाहेर वळवायला ठोस काम द्या: "आज बोलणाऱ्या तिघांच्या शर्टाचा रंग आणि त्यांनी मांडलेला एक मुद्दा लक्षात ठेवायचा." स्वतःच्या आवाजावर पहारा ठेवायला मग जागाच उरत नाही.

फोनची भीती असेल तर सगळ्यात स्वस्त सराव केमिस्टचा. दुकान बदलत रोज तीन फोन: "ओआरएसची पाकिटं आहेत का? किती वाजेपर्यंत उघडं असतं?" आधी लिहून काढायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम अडखळायचं, "एक मिनिट हं, काय विचारायचं होतं ते विसरलो" म्हणायचं आणि पलीकडचा माणूस काय करतो ते ऐकायचं. बहुतेक वेळा तो थांबतो. हा मुद्दाम चुकण्याचा सराव लोक टाळतात, आणि चुकीचीच धास्ती असलेल्या मुलांना त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते.

चाफा | रविवार, संध्याकाळी ६:०५

चुकीच्या धास्तीबद्दल लिहिलंत ते महत्त्वाचं. संगोपनात मला हाच भाग जास्त जाणवतो. ९४ टक्के आले तर "सहा कुठे गेले?" वर्गात चुकीचं उत्तर दिलं की हशा. "चारचौघांत बोलताना नीट बोलावं, लोक काय म्हणतील." याचा काही अभ्यास आहे का?

गणिती | रविवार, संध्याकाळी ७:१५

आहे, आणि तो स्वभावाशीच जोडलेला आहे. नेथन फॉक्स यांच्या मेरीलँडच्या गटाने १४ महिन्यांची बाळं तपासली आणि त्यांना २६ वर्षांपर्यंत गाठलं. निष्कर्ष २०२० मध्ये आले. बाळपणी बुजरी असलेली माणसं सव्विसाव्या वर्षी सरासरीने जास्त अबोल होती. पण अबोल असणं वेगळं आणि चिंता-उदासीचा त्रास होणं वेगळं. तो त्रास मुख्यतः त्यांच्यात दिसला ज्यांच्या मेंदूत १५व्या वर्षी, चाचणीत चूक झाली की उमटणारा विद्युत संकेत मोठा होता. थोडक्यात, बुजरेपण अधिक चुकीवर कडक पहारा.

त्या अभ्यासात पालकांचा ओरडा मोजलेला नाही, त्यामुळे "सहा कुठे गेले" ने तो संकेत वाढला असं मी म्हणणार नाही. पण बुजऱ्या मुलाच्या चुकीवर घरात काय होतं, हे जपून बघायला एवढं कारण पुरेसं आहे. त्याच्या आतला परीक्षक आधीच कडक असतो, बाहेरून दुसरा बसवायची गरज नसते.

घरात करण्यासारखं: जेवताना मोठ्यांनी आपली आजची एक चूक आणि ती कशी निस्तरली ते सांगणं. उपदेश जोडायचा नाही. "आज चुकीच्या ग्राहकाला मेल गेला, फोन करून माफी मागितली, झालं." ऐकणारा विशीतला असला तरी उपयोग होतो.

सावली_घणसोली | रविवार, रात्री ८:३०

याला मराठीत सोपं हत्यार आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत, जी आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. "माझं चुकता कामाच नये" या वाक्यातला "च" शोधायचा. "चुकू नये अशी माझी इच्छा आहे, पण चुकलं तर ते गैरसोयीचं आहे, भयंकर नाही." वहीत रोज एक वाक्य, दोन रकाने. पण नुसत्या वहीने भागत नाही. पारसिक यांनी सांगितलेला फोन लावल्याशिवाय ते वाक्य अंगात मुरत नाही.

उपवन_पहाट | रविवार, रात्री ९:०२

एक शंका. शांत स्वभावाच्या प्रत्येक मुलाला आता शिडीवर चढवायचं का? काही जणांना माणसं कमी लागतात, त्यात वाईट काय?

मासुंदाकाठ | रविवार, रात्री ९:२०

काहीच वाईट नाही, आणि हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. मित्रांनी येऊरला बोलावलं आणि तो गेला नाही. घरी बसून पुस्तक वाचताना तो मजेत असेल तर तो त्याचा स्वभाव. जायचं मनापासून होतं, कपडेही काढून ठेवले होते, ऐन वेळी "पोट बिघडलंय" असा मेसेज टाकला, तासभर सुटल्यासारखं वाटलं आणि रात्रभर स्वतःला कोसलं, तर ती चिंता. सामाजिक भीतीचं निदान करताना त्रास सहसा सहा महिने किंवा जास्त टिकलेला असावा आणि शिक्षण, नोकरी, नाती यांत अडथळा येत असावा, असा निकष आहे.

१९५६ मध्ये न्यूयॉर्कला थॉमस आणि चेस यांनी सुरू केलेल्या अभ्यासात साधारण १५ टक्के मुलं "हळूहळू रुळणारी" या गटात होती. त्यांचं म्हणणं होतं की एक स्वभाव चांगला आणि दुसरा वाईट असं काही नसतं, स्वभाव आणि भोवतालची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही ते महत्त्वाचं. हळू रुळणाऱ्याला वेळ द्या, पण रुळण्याची जागा काढून घेऊ नका. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या "काकांना नमस्कार कर, नोकरीचं सांग" म्हणून पुढे ढकलू नका, आणि "तुला नको तर घरी थांब" असंही म्हणू नका. अर्धा तास आधी पोचा, हॉल रिकामा असताना. माणसं एकेक करून येतात आणि त्याला सवय होते.

केवडा_नेरुळ | सोमवार, सकाळी १०:४०

मुलींच्या बाबतीत "मोकळीक द्या" म्हणणं सोपं नाही. रात्री साडेदहाला तुर्भ्याहून एकटीने येणं ही भीती खोटी आहे का?

सावली_घणसोली | सोमवार, दुपारी १२:१५

नाही, केवडाताई, ती खोटी नाही. खरा धोका शिडीवर ठेवायचाच नसतो. फरक असा करा: त्या परिस्थितीत निर्धास्त स्वभावाच्या तीन समंजस बायका काय करतील? त्या रात्री उशिरा महिलांच्या डब्यात बसतील, निर्मनुष्य पुलाऐवजी दिव्यांच्या बाजूने जातील, घरी निघाल्याचा एक मेसेज टाकतील. एवढी काळजी ठेवा. त्याच बायका दुपारी चार वाजता वाशीहून एकट्या येतील, दर स्टेशनला फोन करणार नाहीत, रिक्षावाल्याशी स्वतः बोलतील. तिथे मुलीला अडवलंत तर ते धोक्यासाठी नसून तुमच्या जिवाच्या घालमेलीसाठी आहे. नियम प्रसंगाबद्दल बोलावा, तिच्या कुवतीबद्दल नाही. "त्या रस्त्यावर दिवे नाहीत, म्हणून इकडून ये" आणि "तुला जमायचं नाही" यांतून ती दोन वेगळ्या गोष्टी शिकते.

औषधपाणी | सोमवार, रात्री १०:५०

उशिरा आलो. वैद्यकीय बाजू राहून गेली आहे.

पहिल्यांदाच छातीत दुखून धडधड झाली तर ती चिंताच आहे असं घरी ठरवू नका, ईसीजी काढा. नंतर टीएसएच (थायरॉईडची तपासणी), हिमोग्लोबिन, आणि शाकाहारी असल्यास बी-१२. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तर वजन घटतं, हात कापतात, उकडतं, आणि वर्षभर समुपदेशन करूनही फरक पडत नाही. दम्याच्या सालब्युटामॉल पंपानेही धडधड होते. एनर्जी ड्रिंक, रात्रपाळीतली कॉफी, शनिवारच्या दारूनंतरची रविवार सकाळ आणि गांजा, हे चारही स्पष्ट विचारा, आणि आईवडील खोलीत नसताना विचारा.

घरी चिंता मोजायला जीएडी-७ ही सात प्रश्नांची यादी आहे, एकूण गुण २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञांना भेटा. ती चाळणी आहे, निदान नव्हे. सामाजिक भीती तिच्यातून निसटूही शकते.

औषधांबद्दल. एस्सिटालोप्राम, सरट्रालीन या गटाच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि कधी उलट जास्त अस्वस्थता येते. हे आधी सांगितलं नसेल तर मुलं चौथ्या दिवशी गोळी बंद करतात. २५ वर्षांखालच्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं, तसं दिसल्यास लगेच डॉक्टरांना कळवायचं. बरं वाटू लागलं तरी साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम सोडली तर चक्कर, झटके बसल्यासारखं वाटणं, झोप बिघडणं. अल्प्राझोलाम थोड्याच वेळात आराम देते म्हणून लाडकी होते आणि काही आठवड्यांतच सवय लागू शकते. शेजाऱ्यांची गोळी तर नकोच. मुलाखतीआधी प्रोप्रॅनोलॉल घ्यायचा सल्ला मित्र देतात, दमा असेल तर ती धोकादायक आहे.

श्वासाचं तंत्र: ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, पाच मिनिटं, रोज दोनदा, शांत असताना. भर गर्दीत ते "आता वाचव" म्हणून वापरलं की तोही चोरटा आधारच. पारसिक यांनी दिलेल्या यादीत जोडा.

रबाळे_लोकल | मंगळवार, सकाळी ८:२०

धन्यवाद. कुठे जायचं, आणि माणूस योग्य आहे हे कसं ओळखायचं?

औषधपाणी | मंगळवार, दुपारी २:०५

रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाने लोक दचकतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे आणि नुसत्या चिंतेसाठीही जाता येतं. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही दाखवता येईल. संस्थांमध्ये ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) १९९० पासून काम करते आहे.

माणूस पारखताना: गोळी लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक मागायला संकोच करू नका. आणि पहिल्या दोन भेटींत विचारा, "सीबीटी करता का? एक्स्पोजर (शिडीसारखा भीतीला सामोरं जाण्याचा सराव) करून घेता का? साधारण किती सत्रं?" साधारण १२ ते १६ असं काही उत्तर आणि दर आठवड्याला गृहपाठ मिळाला तर गाडी रुळावर आहे. सहा सत्रं झाली आणि नुसतं लहानपणाबद्दल बोलणं चालू आहे, वहीत एकही पायरी नाही, तर तसं स्पष्ट विचारा.

पालकांसाठी एक गोष्ट. मूल १८ पूर्ण असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नुसार त्याची माहिती गोपनीय आहे. ठरावीक अपवाद सोडले तर डॉक्टर त्याच्या संमतीशिवाय तुम्हाला काही सांगू शकत नाहीत. फोन करून "काय बोलला तो?" विचारू नका. ती खोली बहुधा त्याची पहिली स्वतःची खोली असते.

चाफा | मंगळवार, रात्री ९:३०

आणि तो यायलाच तयार नसेल तर?

सावली_घणसोली | मंगळवार, रात्री १०:१०

तर तुम्ही दोघं जा, त्याला सांगून, लपवून नाही. "आम्ही आमच्यासाठी चाललोय, आमचं काय चुकतंय ते बघायला. तुला यायचं तेव्हा ये." जाताना तो आठवडाभराच्या रेघांचा कॅलेंडरचा कागद सोबत न्या. पहिल्या भेटीत त्या रेघांतली एक सोय ठरेल. आणि त्या दिवशी परत आल्यावर त्याने विचारलंच, "काय म्हणाले?", तर तेवढंच सांगा जे तुम्ही बदलणार आहात. त्याच्याबद्दल एक शब्दही नको.